सुमनताईंचं बघणं

बसा, बसा सगळे. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या, जागा आहे. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, माईक कधी हातात धरलेला नाही. त्यात समोर सुमनताईंचा हार घातलेला फोटो. बोलायचं कसं, तुम्हीच सांगा. पण नंदू, मघाशी तू म्हणालास, "आईला मी इथे एकटीला ठेवलं." ते ऐकलं आणि मला बसवेना.

एकटी? सुमनताई?

अरे, बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोघींत एकच भिंत. तिकडून थाप पडली की समजायचं, ताईंना काहीतरी दिसलंय. दूध उतू जाऊ दे, कणीक वाळू दे, जायचंच. रिटायरमेंटनंतर अशोका गार्डन कॉलनीत घरं घेतली तीही एका भिंतीची. ती थाप सुटेना म्हणून.

एकदा कारखान्यातून मोठा ट्रान्सफॉर्मर निघाला. आताच्या पोरांना सांगते, तो वाहून नेणाऱ्या गाडीची चाकं मोजता मोजता चुकायला होतं, आणि चालते अशी की मुंगीनं पुढे जावं. आम्ही भाजीला निघालेल्या. सुमनताई पिशवीसकट गाडीच्या बरोबरीनं चालायला लागल्या. वळणावर शिपाई म्हणाला, "आंटीजी, पीछे हटिए." ह्या म्हणतात, "भैया, ये मुड़ेगा कैसे?" तो म्हणाला, "वही तो मैं भी देख रहा हूँ." झालं, दोघं शेजारी उभे राहून बघतायत. घरी नंदूचे बाबा उपाशी. ते तेव्हा त्याच कारखान्यात. म्हणाले, "अगं, रोज तेच तर बनवतो आम्ही. त्यात बघायचं काय?" ह्या म्हणाल्या, "चालताना पाहिलाय कधी?" पुढचा निघाला तेव्हा तेही रस्त्यावर. हसताय काय, खरं सांगते.

मला वाटायचं, लग्न झालं, मुलं झाली, आता नवीन काय बघायचं राहिलंय. सुमनताईंनी माझं बघून होऊच दिलं नाही.

काय सांगत होते मी? हां, नंदू. तू त्यांना पुण्याला नेलंस, छान ठेवलंस. परत आल्या तेव्हा मी विचारलं, करमलं नाही का? म्हणाल्या, "करमलं की. लिफ्टमध्ये तर रोज मजा. पण इकडचं बघायचं राहिलंय माझं."

आणि ती शेवटची सकाळ. थाप पडली. मी ओरडून सांगितलं, भेंडी चिरतेय, येते. "भेंडी कुठे पळतेय? तू ये आधी." गेले. अंगणात दोडक्याचा वेल. त्याच्या टोकाची ती बारीक हिरवी तार कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचली होती, दोन वेढेही घेतले होते. "कुसुम, ह्याला डोळे नाहीत. दोरी इथे आहे हे कळलं कसं गं?" म्हटलं, मला काय ठाऊक. "मलाही नाही," म्हणाल्या, आणि अशा हसल्या, जसं कुणी बक्षीस दिलंय. मग चहा झाला. दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

नंदू, त्या सकाळी तुझ्या आईइतकी खुशीत बाई अख्ख्या गल्लीत नव्हती. मी शेजारी उभी होते, मला विचार. एकटं वाटायला त्यांना सवड तरी कुठे होती?

आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं शांत. पण डोळे मिटू नका. सुमनताईंसाठी डोळे मिटणं मला तरी जमायचं नाही. खिडकीबाहेर बघा, नाहीतर शेजारच्या माणसाकडे बघा. ऊठ नंदू, तूही बघ बाळा.