पाल रिदिमवरचं सातवं गाणं

—नाही नाही मावशी, मान हलवू नका, वेणी वाकडी जाईल. रेडिओ बंद? आज नको हो, हात जोडते! काय म्हणता, मघापासून तेच गाणं चाललंय? तेच कुठलं! रिदिम तेवढा एक — तोच ठेका, तोच बास — गाणारा दरवेळी वेगळा. भात एकच, कालवण ज्याचं त्याचं.

ही किंकाळी ऐकलीत, दर चार ओळींनी येते ती? माझी आहे. हसताय काय! मामेभाऊ टायरिक त्याच्या खोलीत रिदिम जुळवत बसला होता, मी त्याला बन आणि चीज द्यायला गेले — तर छतावरून पाल, ही एवढी, थेट माझ्या खांद्यावर! आणि माइक चालू. पुसून टाक म्हणाले, तर म्हणतो, “नॉर्डिया, असला सूर मला जन्मात मिळायचा नाही!” नावसुद्धा ठेवलं, पाल रिदिम. सहा बाप्ये गायले त्यावर — एक गाडीवर, दोघं बायकांवर, उरलेले तिघं स्वतःवरच. आणि सहाही गाण्यांत मी नुसती किंचाळतेय.

म्हणून सातवं माझं. मीच लिहिलं, मीच गायलं. आज पहिल्यांदा लागणार — सगळं किंग्स्टन ऐकणार — आणि टायरिकनं बजावलंय, लोकांना रुचलं तर आल्बममध्ये, नाहीतर गाणं बाद, किंकाळी कायम. मघाशी ड्रायर सुरू झाला तरी दचकले, पाहिलंत ना?

गाणं कशावर? — भीतीवरच की! पाल, वीज, कुत्रं, कॉलेजचा निकाल, आणि आईचं ते “नॉर्डिया, जरा इकडे ये.” आईला पत्ता नाही हो. गाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी मी रसायनशास्त्राच्या तासाला होते — म्हणजे, तिच्या लेखी. हे असलं डान्सहॉल संगीत म्हणजे तिला सैतानाचं अंगण. चर्चमध्ये पहिला बाक कधी सोडत नाही, डोक्यावर पांढरी हॅट — काय? हो, चर्चमध्ये सगळे तिला सिस्टर मर्व्हिसच म्हणतात. तुम्ही तिच्या मागच्याच बाकावर बसता? अरे देवा. अरे देवा! मावशी, मी काही बोललेच नाही, तुम्ही काही ऐकलंच नाही—

शू! लागलं! हा माझा आवाज — माझाच! बाहेरच्या टॅक्सीवाल्यानं मोठं केलं बघा — अहो मावशी, तुमचा पाय ठेका धरतोय — अगं बाई! रेडिओवाल्यानं बंद केलं? मध्येच? झालं, संपलं. नाही आवडलं. सांगत होते ना मी— काय म्हणालात? बंद नाही, मागे ओढलं? ...अय्या, खरंच की! घाबरून मीच विसरले — आवडलं तरच मध्येच तोडून पुन्हा पहिल्यापासून लावतात! पण तुम्हाला हो कसं ठाऊक? तुम्हाला, मागच्या बाकावरच्या सिस्टरला?

बरं. मग असं करू. तुम्ही आईला सांगू नका, मी पाद्रीबाबांना सांगत नाही. आता गप्प. अगदी गप्प — माझं गाणं चाललंय.