गुणगुणणारा हीटर

“ओरेस्ट आजोबा, हीटरची वायर भिंतीला लावलेली असतानाच तुम्ही कधी ट्रक हाकलाय का?”

पैज मैत्रिणींनी लावली होती, पण सुट्या भागांच्या दुकानात, भर रांगेत, शेजारच्या आजोबांना खणखणीत आवाजात विचारलं ते मारिकानं.

“दोनदा! एकदा तर वायर फरफटत चर्चपर्यंत आली.”

“आणि मलाच विचारत होता, लोक हात का करतायत,” त्यांची बायको स्टेफा आजी म्हणाली.

आजोबांनी पिशवीतून काढून दिलेला, थंडीत रात्रभर भिंतीतल्या विजेवर ट्रकचं इंजिन गरम ठेवणारा हीटर दुकानदारानं मीटर लावून तपासला.

“हा तर ठणठणीत आहे, काका. काढलात कशाला?”

“मेला म्हणून. आधी वायर बदलली, मग भिंतीतला प्लग. तरी मुका. चालू हीटर कसा किटलीसारखा गुणगुणतो!”

“सकाळी ट्रक सुरू होत होता?”

“होत होता.”

“ओरेस्ट, तो गुणगुणत होता रे. मी रोज ऐकत होते.”

“मग मला कसा...”

आजोबांचा हात कानाकडे गेला.

“नवाच दे बाबा. सोमवारी हिचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग मुक्काम शहरात लेकीकडे. उणे चाळीसात इंजिन गोठलं, तर हिला भेटायला जाऊ कसा?”

“नवाही गुणगुणेलच. पण ऐकणार कोण?” स्टेफा आजी म्हणाली.

बाहेर गाडीत आईबाबा थांबले होते. मारिकानं धाडकन दार उघडलं.

“आई, बाबा, सोमवारपासून मी शाळेला लवकर निघणार. वाटेत आजोबांच्या अंगणात थांबून त्यांच्या ट्रकला कान लावणार. विचारत नाहीये, सांगतेय!”