मूस हातात व्हती तवा

तुमी इचारलंत म्हणून सांगतो ताई, आमचं गाव सांगलीकडचं, खानापूर तालुक्यातलं. पाऊस नावालाच, म्हणून घरटी एक माणूस गलाईला बाहेर, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला. मी लग्नाच्या आदल्या वर्षी हितं आलो, तवा मद्रासच म्हणायचे. टी. नगरात साड्यांच्या दुकानांमागच्या बोळात आमचं दुकान, पुढं काटा, मागं भट्टी. इथली माणसं आमास्नी सेट म्हणत्यात, म्हंजे शेठ, पायात तुटकी चप्पल असली तरी सेटच!

काळजाचं सुरू झालं मोबाइल नवा नवा घेतला त्या वर्षी. बसल्या बसल्या असं धडधडायचं की सदरा हलायचा. मंग मोठ्या दवाखान्यात मांडीच्या शिरंतनं तार घातली आन् काळजातली एक जादाची वाट जाळून टाकली. मी बाईडॉक्टरांना तमिळमधी इचारलं, बाई, किती डिग्रीवर जाळता, त्या म्हणाल्या साठ-एक, म्हटलं एवढ्यात आमचा चहा पण व्हत न्हाई, आमची भट्टी हजाराच्या वर! लई हसल्या बाई.

धडधड गेली, पण दुसरंच मागं लागलं. ठोका चुकायचा. चालता चालता आत एकदम सामसूम, आन् मंग धाडकन एक दणका. त्या मधल्या येळात माणूस काय काय इचार करतो, काय सांगू तुमास्नी ताई! बोट सारखं मनगटावर. जेवताना मनगटावर, बसमधी मनगटावर. मरणाचं भ्या व्हतं, खोटं कशाला बोलू, पण जास्त भ्या मुशीचं. मूस म्हणजे सोनं वितळायचं भांडं, लालबुंद, ती सांडशीत धरून उचलायची आन् साच्यात धार ओतायची. त्या टायमाला चक्कर आली तर? मी तर जाईन, पण शेजारी बसलेला मेव्हणा भाजंल त्याचं काय? मंग मेव्हणा, गणपत त्याचं नाव, मूस उचलायच्या येळी माझ्या पाठीमागं दोन्ही हात पसरून उभा राहायला लागला. म्हणायचा दाजी तुमी ओता, मी हाय. बायकोनं तर सांगूनच टाकलं, गावाकडं चला, दोन म्हशी सांभाळू, पण ती भट्टी नको. आन् मला भट्टीशिवाय दुसरं येतंय काय?

बाईडॉक्टर म्हणाल्या, एक दिवसभर छातीला मशीन लावू, ठोका चुकला की वहीत टाइम लिहा, आन् रोजचं काम रोजच्यासारखं करा. लावलं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं तर मशीनवरचा माणूस कागदाकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. म्हणाला, सेट, अकरा ते दोन तुमचं काळीज बंद व्हतं. बायकोनं हंबरडा फोडला. मी एका सेकंदाला भीत व्हतो आन् ह्यो तीन तास म्हणतोय! मंग बाई आल्या, म्हणाल्या अकरा वाजता काय केलं? म्हटलं भट्टीवर गेलो. आन् मशीन? मशीन काढून खुंटीला अडकवलं. आता ताई, आमच्यात रीतच हाय, भट्टीच्या खोलीत शिरताना घड्याळ, अंगठी, सदरा, सगळं बाहेर. सोन्याची रज कशालाबी चिकटती, आन् ती दुसऱ्याची असती. मला वाटलं मी शहाणपणाच केला. बाई अशा खवळल्या! डोकं हाय का तुमाला अय्या, म्हणाल्या, अय्या म्हंजे हिकडं साहेब.

पुन्हा लावलं. बायकोनं मशीनला पिशवी शिवली, आन् मी बाहेर येताना गणपतनं ती पिशवी कुंच्यानं झटकून घेतली, रीत म्हंजे रीत.

निकालाला तिघंबी गेलो. माझ्या वहीत घरात चुकलेल्या ठोक्यांचे नऊ-दहा टाइम लिवलेले, भट्टीवरचा एक न्हाई. मी म्हटलं बाई, तिथं एकदा पण चुकला न्हाई. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. म्हणाल्या, सगळ्यात जास्त तिथंच चुकलाय, आन् सगळ्यात मोठी सुट्टी ही बघा, दोन सेकंदांच्या जरा वर, बारा वाजून दहा मिनिटं. काय करत व्हता? मला काय आठवंना. गणपतच बोलला, म्हणाला, दाजी धार ओतत व्हते, मी मागंच उभा व्हतो. बाई म्हणाल्या, सांडली का? तो म्हणाला, थेंब न्हाई.

मला रडूच आलं बघा. ज्या घटकेला इतके दिवस भीत व्हतो ती येऊन गेली व्हती, मूस हातात व्हती, आन् मला पत्ताच न्हाई! बाई म्हणाल्या, ओन्नुम इल्लै अय्या, काय झालेलं न्हाई तुमाला, पेसमेकर नको, भट्टी करा, चक्कर आली तर मात्र तडक या. बायकोनं म्हशींचा इषय परत काढला न्हाई.

त्याला आता तीन वर्सं झाली. गणपत मागं उभा राहत न्हाई, त्याला म्हटलं जा बाबा, तुझं काम कर. ठोका चुकतो अजून, जेवून आडवा झालो की हमखास. ठेवा तुमचं बोट हितं मनगटावर. चाललंय न्हवं? चाललंय... थांबा... हां, हा गेला. आला बघा! अहो हात कशाला काढला ताई, तुमीच पांढऱ्या पडला की. मला काय बी झालं न्हाई. तुमचं काळीज धडधाकट राहू दे, शंभर वर्सं जगा. बसा, इथली फिल्टर कापी मागवलीय. गणपत हाका मारतोय, मूस तयार हाय, एवढी धार ओतून आलोच.