दिवाणखान्यातला प्रश्नोत्तराचा तास

"अहो, सून आणलीय का भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, तेच कळंना मला! कॅलेंडर तरी वाऱ्यानं फडफडतंय!"

हे माझ्या सासूबाईंचं बोलणं, आणि कॅलेंडर म्हणजे मी. मला ऐकवायचं नव्हतं हो त्यांना, टोमणा मारायचाच असता तर समोर मारला असता, तेवढ्या सरळ आहेत त्या, पण झालं काय, गच्चीवर चादर वाळत होती, चादरीच्या पलीकडं सासूसासरे उन्हाला बसलेले, अलीकडं मी, तोंडात दोन चिमटे धरून... आता तोंडात चिमटे असताना माणसानं बोलायचं कसं, तुम्हीच सांगा! आणि त्यावर सासरे काय म्हणाले असतील? म्हणाले, "बोलत नाय त्येच ब्येस हाय, मनकर्णा. शाळंचं विचारलं आसतं तिनं, तर काय उत्तर देणार हुतो आपण?"

म्हणजे बघा! माहीत होतं त्यांना! सगळं माहीत होतं!

थांबा, नीट सांगते. आमच्या लग्नाच्या बैठकीत, पन्नास माणसांसमोर, पानसुपारी फिरत असताना, याच सासऱ्यांनी मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, "पोरगी शिकल्याली हाय, नौकरी करंल! आमच्या घरात बाईमाणसाला कोण आडवत नाय." माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लग्नाला महिना व्हायच्या आत माझा नेमणुकीचा आदेश आला की हो! सरकारी शाळा, मुक्काम शिंगणवाडी, विज्ञान शिक्षिका, तीस दिवसांत रुजू व्हावे, न झाल्यास आदेश रद्द समजावा. इतकं आनंदाचं पत्र, आणि शेवटच्या ओळीत धमकी... सरकारलाही साधं 'अभिनंदन' म्हणून थांबता येत नाही.

मी काही बोलले नाही. माझा स्वभावच तसा, मी बोलायचं ठरवते तोवर बाकीच्यांचा विषय बदललेला असतो. मी आपला तो आदेश टीव्हीजवळ ठेवला, दिसेल असा. संध्याकाळी तो वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली! मी काढून फ्रिजवर लावला, लिंबाच्या चुंबकाखाली. सकाळी तो विजेच्या बिलांच्या पिशवीत! सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला, तर डबी तिथंच आणि आदेश शिवणाच्या मशीनवर. अहो, मंत्रालयातली फाईल काय फिरेल, असा माझा आदेश त्या घरात फिरला, आणि एकाही टेबलावर त्याच्यावर शेरा म्हणून पडला नाही. आमच्या ह्यांना विचारलं... ह्यांचं नाव काकासाहेब, वय सत्तावीस, आमच्याकडं जन्मतःच माणसाला काकासाहेब करून टाकतात... तर हे म्हणाले, "आप्पांचं अधिवेशन होऊ दे, मग बोलू." आणि अधिवेशन संपायच्या आत माझे तीस दिवस संपणार होते, ते? छे! प्रश्न उद्भवत नाही!

हे 'प्रश्न उद्भवत नाही' माझं नाही बरं, हे आमच्या घराचं आहे. माझे सासरे आप्पासाहेब आमदार आहेत. मतदारसंघ तिकडं गंगापूरच्या पलीकडं, गोदाकाठाला, बिऱ्हाड मात्र इथं शहरात, पुंडलिकनगरला. आणि आमदार म्हणजे काय, तर प्रश्न विचारणारा माणूस. अकरा वर्षं ते तारांकित प्रश्न टाकतायत. त्याची एक ठरलेली भाषा असते, तुम्हाला सांगते, (एक) हे खरे आहे काय, की अमुक झाले. (दोन) असल्यास, शासनाने काय केले. (तीन) नसल्यास, विलंबाची कारणे काय? आणि मंत्र्यांचं उत्तर बहुतेक वेळा एका दमात, (एक) हे खरे नाही, (दोन) व (तीन) प्रश्न उद्भवत नाही. झालं! अकरा वर्षं रोज हेच वाचलं की ते रक्तात उतरतं हो. सकाळी दिवाणावर बसून सासरे गरजतात, "हे खरं हाय काय, की च्या हुऊन वीस मिन्टं झाली, आसल्यास, तो आमच्यापोत्तर न येण्याची कारणं काय?" की आतून सासूबाई, "हे खरं नाय. दूधच आलं नाय. प्रश्न उद्भवत नाय!" ह्यांची चप्पल हरवली तरी हे, "हे खरं आहे का, की..." मी नवी नवरी, पहिले आठ दिवस मला वाटलं, घरात काहीतरी चौकशी चाललीय.

तर यंदा काय झालं, की अकरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांचा प्रश्न वर लागला! एरवी त्यांचा नंबर एकतीस, सदतीस, तास संपतो आठव्या प्रश्नाला, आणि आमचे आप्पा फाईल काखेत मारून परत. यंदा नंबर तीन! नागपूर, हिवाळी अधिवेशन, बुधवार, प्रश्न क्रमांक तीन! पेढे वाटले हो त्यांनी, औरंगपुऱ्यातून पाच किलो आणले. पेढे बघून लोक 'कोणतं खातं मिळालं' म्हणून फोन करायला लागले.

आणि प्रश्न कशावर, तर शाळांवर! आता ऐका हं. "तालुक्यातील सतरा शाळांत विज्ञान शिक्षकांची पदे दोन वर्षांपासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय?" मी चहा देत होते तेव्हा सासरे हा प्रश्न वाचून दाखवत होते. मी त्यांच्या कपात दुसऱ्यांदा साखर घातली.

अधिवेशनाच्या आधी आमच्याकडं तालीम होते. दिवाणखान्याचं सभागृह. सोफा म्हणजे सत्ताधारी बाक, दिवाण म्हणजे विरोधी बाक, मधल्या खुर्चीत सासूबाई अध्यक्ष, हातात देवघरातली घंटी, आणि त्या घंटीला सासरे खरोखर भितात, तेवढी भीती नागपुरातल्या अध्यक्षांनाही मिळत नसेल. मंत्री व्हायचे आमचे हे. पण ह्यांची अडचण अशी, की ह्यांना वडिलांना नाही म्हणता येत नाही. सासरे विचारायचे, "चौकशी करणार का?" हे म्हणायचे, "करू की आप्पा." "निधी देणार का?" "देऊ की." असा मंत्री मिळाला तर राज्य चार दिवसांत सुधरेल, पण तालीम कशी व्हायची? सासरे वैतागले. "उठ रं! मंत्री आसा नस्तो! जरा फिरवाफिरवी कर!" आणि मग माझ्याकडं नजर गेली. "सूनबाईला बसवा. ती काय बोलणार नाय, मला मोकळं विचारता यील."

बसले. नको म्हणायला सुचेपर्यंत मी सोफ्यावर होते, डोक्यावर पदर, मांडीवर फाईल. ती फाईल कडूबांनी बनवलेली. कडूबा म्हणजे सासऱ्यांचे पी.ए., आमदारकीच्याही आधीपासूनचे, पंधरा वर्षांचे जुने, लई इमानी माणूस, झेरॉक्स इतक्या काढतो की घरातल्या किराणा यादीच्याही तीन प्रती असतात. त्यांनी सतराच्या सतरा शाळांत फोन करून आजची माहिती गोळा केली होती, मंत्री ऐनवेळी काय सांगेल त्याची तयारी असावी म्हणून. मी पान उलटलं. एक नंबर, रिक्त. दोन, रिक्त. तीन, रिक्त... आणि चौदा नंबर. शिंगणवाडी. 'पद भरले. आदेश निर्गमित. उमेदवार अद्याप रुजू नाही. कारण समजले नाही.'

कारण समजले नाही! अहो कडूबा, तुम्ही रोज त्या कारणाच्या हातचे पोहे खाता!

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्या माणसानं मांडीवर थाप मारली त्याच्या नाही, ज्या माणसानं टाईप केलं त्याच्या नाही. घरातली सून आणि फाईलमधला उमेदवार एकच, ही गोष्ट माहिती म्हणून सगळ्यांकडं होती, पण एका कागदावर कुणी आणलीच नव्हती.

घंटी वाजली. सासरे उठले. दिवाणासमोर उभे राहून, सदऱ्याची बाही सारून, एकदम सभागृहाच्या आवाजात, "अध्यक्ष महोदया! शासनाचं उत्तर काय?"

मी फाईलकडं बघून वाचलं, हळूच. "हे अंशतः खरं आहे."

"अंशतः?" सासरे खुशीनं थरथरलेच. म्हणजे तालमीत इतकी खरी फिरवाफिरवी अकरा वर्षांत कुणी केली नव्हती. "अंशतः म्हंजी किती? मंत्री महोदयांनी सांगावं!"

"सोळा पदं रिक्त आहेत. चौदा नंबरच्या शाळेचं भरलंय. शिंगणवाडी. उमेदवार रुजू झालेला नाही."

"का नाय झाला?" आता त्यांना चेव आला. "आदेश निघाला, तरी रुजू नाय? एकशेवीस लेकरं हायती तिथं! प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी दोन साल झाले खिळ्याला टांगलीय! कोण आडवतंय त्या उमेदवाराला?"

मी म्हणाले, "कार्यवाही सुरू आहे."

"कसली कार्यवाही! खामोश बसू नका! आडवणाऱ्याचं नाव सांगा! पुढारी हाय का कोण? त्याला पाठीशी घालताय का? सभागृहाला नाव कळलं पायजे!"

ह्यांनी पंख्याकडं बघायला सुरुवात केली. थंडीत, बंद पंख्याकडं. कडूबांनी फाईलची आपली प्रत उघडली, चौदा नंबरवर बोट ठेवलं, मग माझ्याकडं बघितलं, मग बोट उचलून तोंडावर ठेवलं. सासूबाईंची घंटी हवेत तशीच. त्यांना कळलं होतं. एकटे सासरे तेवढे दिवाणखाना हादरवत होते, "नाव! नाव! नाव सांगितल्याबिगर मी खाली बसणार नाय! अध्यक्ष महोदया, मंत्र्यांना उत्तर द्यायला लावा!"

आणि सासूबाई, तुम्हाला सांगते, मला कॅलेंडर म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई, घंटी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मंत्र्यानं उत्तर द्यावं. मोठ्यानं द्यावं. आमाला बी ऐकू यिऊ द्या."

मी उभी राहिले. पदर सारखा केला. आवाज कुठून आला देवाला ठाऊक, पण आला. "उमेदवार या सोफ्यावर आहे, आप्पा. आज तेविसावा दिवस. अडवलं कुणीच नाही, फक्त कुणी जा म्हणालं नाही."

सासरे तसेच उभे, हात वर, तर्जनी माझ्याकडं, आणि ती तर्जनी हळूहळू वळत वळत त्यांच्याच सदऱ्याच्या खिशापर्यंत आली. मला वाटलं, आता भडकणार. पण तुम्हाला सांगते, तो माणूस हसायला लागला. आधी पोटातून, मग खांद्यातून, मग डोळे पुसत. "आरं कडूबा... बुधवारी मंत्र्यानं हीच माहिती काढली आस्ती तर? आरं, सभागृहात माझंच नाव निघालं आस्तं की रं!" कडूबा म्हणाले, "साहेब, इज्जत गेली आस्ती." "आस्ती कसली, गेलीच की! सून बसलीय न्हवं सोफ्यावर!"

"मग आता शासनाचं काय म्हणणं हाय?" सासूबाईंनी घंटी वाजवली. "तारीख सांगा. गोल गोल नको."

"उद्या," सासरे म्हणाले. "सोमवार. मी नागपूरला जाताना गाडी शिंगणवाडीवरनं घेतो. दारात सोडून म्होरं जातो." गाव बिलकुल वाटेत नाही हो, पार उलट्या दिशेला! हे तर इतके खूश झाले, की "सोडू की आप्पा" म्हणाले, जसं काही हेच गाडी चालवणार होते.

आदेश शोधायला सगळं घर उठलं. सापडला, सासूबाईंच्या पोथीत. सासूबाई म्हणाल्या, "हरवू नाय म्हणून ठेवला हुता." हे खरं आहे का, असं मी विचारलं नाही. प्रश्न उद्भवत नव्हता.

मग चहा झाला, मी नाही, कडूबांनी केला, वाईट झाला, सगळ्यांनी प्याला. आणि कप खाली ठेवताना सासूबाईंनी घरातला खरा तारांकित प्रश्न काढला, "ते समदं खरं, पण सकाळचे डबे कोण करणार?" झालं! सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांनी बघितलं. कडूबांनी सुद्धा बघितलं, त्यांचा काय संबंध? चार माणसं, आठ डोळे, आणि एकाही डोळ्यात 'मी करतो' असं दिसेना. काय करणार... आदेश मिळाला, तारीख मिळाली, एका रविवारात आणखी किती मागायचं?

मी म्हणाले, "डबे मीच करते, आई. पण सव्वासातला मी घराबाहेर पडणार, आणि त्यानंतर कुणी मीठ कमी आहे म्हणालं, तर उत्तर पुढच्या अधिवेशनात मिळेल."