क्लाइव्हचा पाय

ओल्डहॅमला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोन म्हातारे, दोघांच्याही हातात काठ्या.

"तू नेव्हिल ऑलर्टन ना? फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळायचास?"

"खेळायचो. चौदा वर्षं, चार क्लब. तुम्ही?"

"क्लाइव्ह पेंडल. माझा पाय तूच मोडलास."

"क्लाइव्ह? ओळखलंच नाही रे! केस कुठे गेले?"

"पायाच्या मागोमाग गेले. बावीस वर्षांचा होतो. परत मैदानात उतरलोच नाही."

"ठाऊक आहे."

"घाबरू नकोस, भांडायचं नाहीये मला. चिखल होता, तू घसरलास. खेळात व्हायचंच."

"क्लाइव्ह, मी घसरलो नव्हतो."

"म्हणजे?"

"तू मला दोनदा चकवून गेलास. सगळं मैदान मला हसलं. तिसऱ्यांदा आलास, तेव्हा मी चेंडूकडे बघितलंच नाही."

"मॅनेजरनं सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. माझं मीच ठरवलं."

"चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, बिचारा घसरला म्हणून! माझा भाऊ म्हणायचा, मुद्दाम केलं त्यानं. त्यावरून पबमध्ये त्याचं नाक फोडलं मी. तेव्हापासून बोलत नाही आम्ही."

"मला माफ..."

"तो शब्द काढू नकोस."

"मिस्टर ऑलर्टन!" नर्सनं हाक मारली. नेव्हिल जागचा हलला नाही.

"जा की. बोलावतायत तुला."

"आधी तू काहीतरी बोल. शिवी दे हवी तर."

"तू जा, नेव्हिल. मला भावाला फोन करायचाय."