गाळलेलं पान

सासूबाई : “कंटाळा आला तर पुस्तक मिटून ठेव, पण मधलं पान गाळू नकोस.” तू मला वाचून दाखवायला बसलीस, तेव्हा पहिल्याच दिवशी तुझ्या सासऱ्यांनी तुला बजावलं होतं. आठवतंय ना?

सूनबाई : आठवतंय की आई. आज ते मधेच कुठून आलं?

सासूबाई : आत्ता दोन पानं एकदम उलटलीस. एकटं पान हळूच सळसळतं. दोन मिळून खरखरतात.

सूनबाई : चिकटली असतील.

सासूबाई : चिकटली असती तर तू बोट ओलं केलं असतंस. डोळे गेलेत माझे, कान जागच्या जागी आहेत. मागं जा.

सूनबाई : सहा वाजता माणसं यायचीत आई. आधण ठेवलंय. आज इथंच थांबलं तर नाही चालणार?

सासूबाई : वाचन ऐकल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही, तुला ठाऊक आहे. नेम आहे माझा. अर्धा नमस्कार करतं का कुणी?

सूनबाई : बरं, वाचते. “सभा मास्तरांच्या घरी भरली. नावाड्याला बोलावलं नव्हतं. तापाची साथ त्यानंच पलीकडच्या काठावरून आणली, असं जो तो म्हणत होता. आत मास्तरीणबाई चहा गाळत होत्या. त्यांचं लेकरू तापानं फणफणलं होतं, तेव्हा भर पुरात नाव घालून औषध कुणी आणलं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी साखर जरा जास्त घातली आणि कप बाहेर पाठवले...”

सासूबाई : थांबलीस का गं?

(बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचा आवाज.)

मुलगा : अगं, खुर्च्या कमी पडतायत. आईच्या खोलीतलं स्टूल नेतो. चहा टाकलास ना?

सासूबाई : या सेक्रेटरी! नावाड्याचं पुढचं ऐकायचंय? काल दाराआड उभं राहून ऐकत होतास. नाक ओढल्याचं कळलं मला.

मुलगा : सर्दी झालीय आई.

सासूबाई : नावाड्यावर संकट आलं की तुला बरोबर सर्दी होते. आजची सभा कशाची आहे रे?

मुलगा : सांगितलं ना, पाण्याच्या टाकीची.

सूनबाई : अहो, खरं सांगा त्यांना.

मुलगा : बरं बाई. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा विषय आहे. त्यांच्या घरमालकाला कळवायचंय, भाडेकरू बदला म्हणून. शवागारात काम करतात त्या. दिवसभर प्रेतांना हात लावायचा आणि संध्याकाळी तोच हात जिन्याच्या कठड्याला. लोक कठडा धरेनासे झालेत. परवा पहिल्या मजल्यावरच्या काकू पडता पडता वाचल्या.

सासूबाई : म्हणजे कठडा धरला असता तर तोल गेला नसता.

मुलगा : चेष्टा नको गं. सगळी बिल्डिंग एकीकडे, मी एकटा काय करू?

सासूबाई : तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे?

मुलगा : मी काही इतका मागासलेला नाही. त्या आंघोळ करूनच तिथून निघतात, हे कळतं मला. पण सेक्रेटरीनं सगळ्यांचं ऐकायचं असतं.

सासूबाई : तू धरतोस कठडा?

सूनबाई : नाही धरत. दोन्ही हात खिशात घालून चढतात.

मुलगा : तू जरा गप्प बस गं!

सासूबाई : तुझे बाबा गेले आणि त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला होता. गुळगुळीत दाढी केलेली. केस विंचरलेले. कानामागचा साबणसुद्धा कुणीतरी पुसला होता. कुणी रे?

मुलगा : मला काय माहीत? मी बाहेर गाडीच्या खटपटीत होतो.

सासूबाई : वरच्याच बाई असतील, असं नाही म्हणत मी. पण हात कुणाचे तरी होतेच ना?

मुलगा : आई, पुस्तकात सोपं असतं. नावाडी निर्दोष आहे हे लेखकानं आधीच सांगून टाकलेलं असतं. मग आपण खुशाल डोळे पुसावेत. इथं कोण सांगणार आपल्याला?

सासूबाई : म्हणून इथं विचारावं लागतं. बोलावलंस का त्यांना?

मुलगा : सगळे नको म्हणाले. त्या समोर असल्या की लोकांना मोकळं बोलता येत नाही.

सासूबाई : अस्सं.

सूनबाई : मी सांगितलंय त्यांना.

मुलगा : काय सांगितलंयस?

सूनबाई : काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “ताई, माझ्याबद्दल बसणार आहात, तर मला बोलवाल ना? मुलगी आठवीत आहे, वर्षाच्या मधेच शाळा सुटायला नको. मी काय काम करते, ते माझं मीच सांगेन.” मी म्हटलं, मी स्वतः येईन न्यायला.

मुलगा : मला न विचारता?

सूनबाई : तोंडातून निघून गेलं. मग जिवाला घोर लागला, कशाला बोलले म्हणून. आई, दुपारी मी ते पुस्तक पुढं वाचून काढलं. वाटलं, मास्तरीणबाई कधीतरी उठून बाहेर येतील. नाही हो येत. शेवटपर्यंत चहाच गाळत बसतात.

सासूबाई : आणि नावाड्याचं काय होतं?

सूनबाई : ते उद्या. तुमचा नेम आहे ना.

मुलगा : अगं, लोक उठून जातील! उद्यापासून या बिल्डिंगमध्ये तोंड कसं दाखवू मी?

सूनबाई : चहा उकळलाय. तेवढा गाळा तुम्ही.

मुलगा : मी?

सूनबाई : आणि एक कप जास्तीचा ठेवा.

मुलगा : थांब... अगं, थांब जरा. जिन्यातला दिवा गेलाय. अंधारात पडशील.

सूनबाई : नाही पडायची. कठडा धरून जाते.