बांधाकडे तोंड केलेला ठोकळा

नागेश : ...आणि तो उजेड एकदम येत नाही, वहिनी. आपल्याला वाटतं, सूर्य वर आला की सकाळ झाली. या दगडावर बसलं की कळतं, ती किती सावकाश होते. आधी सुप्याच्या धरणाच्या पाण्यावरचं धुकं राखाडीचं पांढरं होतं, एवढंच. त्यात सोनेरी वगैरे काही नसतं. मग समोरच्या डोंगरावरच्या एकाच झाडाचा शेंडा उजळतो. बाकीचं रान अजून अंधारातच असतं. तिथून उजेड खाली यायला लागतो, एखादा आजारी माणूस भिंत धरून उतरावा तसा, थांबत थांबत. आपल्या घराच्या कौलांपर्यंत यायला त्याला पाऊण तास लागतो. मधल्या ओळीतली नवी कौलं आधी लाल होतात, जुनी काळीच राहतात. अंगणात पोचायला आणखी थोडा वेळ. रोज असंच होतं. यात विशेष काही नाही. तुम्ही विचारलंत, रोज इतका वेळ वर काय करता. तर हे बघतो.

यमुना : दम तरी खाऊ द्या, भावजी. चढ चढून माझ्या छातीत भरलंय, आन् तुमी कौलं मोजाय बसलासा. पुस्तकातलं बोलणं माझ्यासंगं नको. त्यो मोबाईल काढा.

नागेश : रेंज अजून नीट आलेली नाही.

यमुना : दोन काड्या दिसत्यात की. मला वाचता येतंय तेवढं. खाली कान्हू जीप घिऊन थांबलाय. आव्वांनी च्या टाकला, त्येनं हात लावला न्हाई. म्हणला, अक्का काय म्हणती ते आधी ऐकतो.

नागेश : तुमच्या भावाला नेहमीच घाई असते.

यमुना : घाई? तुमचा अण्णा, माझा दादला, गोव्याला जाऊन दीड वर्स झालं. कामावर हुते त्या बोटीवर जाऊन इचारून आला कान्हूच. मुकादम म्हणला, रामचंद्र काम सोडून गेला, पत्त्या न्हाई. फोन लावला तर ती बाई कानडीत सांगती, असा नंबरच न्हाई. आता लोंढ्याचा माणूस आलाय सांगून. बायको गेल्याली, एक बारकं पोर. पाट लावून घ्यायला तयार हाय. ह्या बारीला मी न्हाई म्हणलं तर कान्हू परत यायचा न्हाई. तसं त्येनं बोलून दाखवलं, आव्वांच्या म्होरं.

नागेश : आई काय म्हणाली?

यमुना : आव्वा काय म्हणणार. चुलीतलं लाकूड मागं सारलं, म्हणल्या, नागूला इचार. त्या खेळात काय दिसतंय ते नागूलाच ठावं. म्हणून आले. तोंडी किती दिस ऐकायचं? मला दावा.

नागेश : बरं. हे बघा, उघडतंय. थोडं थांबावं लागेल... हं. हे आमचं जग. अण्णानं इंटरनेटवर मांडलेलं आहे, त्याच्याच नावावर. आम्ही दोघंही आत जाऊ शकतो, तो गोव्यातून, मी इथून. सगळं ठोकळ्यांचं. एकेक ठोकळा हातानं रचायचा. कोण कधी येऊन गेलं, त्याची नोंद फक्त अण्णाला दिसते, मला नाही. आणि पंधरा दिवस कोणीच आत गेलं नाही, तर खेळ चालवणारे लोक हे जग पुसून टाकतात. म्हणून मी रोज पाच मिनिटं जातो. पाऊस असला तरी.

यमुना : हे आपलंच घर की ओ. पडवी, न्हाणी... पडवीत माझा पाटा बी मांडलाय.

नागेश : पाटा अण्णानं केला. दर रविवारी सकाळी यायचा. फोनवर बोलायला लाजायचा, पण इथे शेजारी उभा राहून दोन दोन तास भिंती रचायचा. समोर शेत आहे. या खेळात भात नाही, गहूच पेरावा लागतो. अण्णा म्हणायचा, जोयड्यात गहू बघून बाबा दुसऱ्यांदा मरतील.

यमुना : असंच बोलायचे... त्यो दिवा कुठाय?

नागेश : दारावर. विझलेलाच आहे.

यमुना : दिसलं. आता सांगा, ते चालतंय कसं. सोपं करून.

नागेश : हा ठोकळा बघा, बांधाच्या टोकाला. मी त्याला पहारेकरी म्हणतो. त्याला तोंड आहे आणि पाठ आहे. तोंडासमोरच्या एका ठोकळ्यावर तो नजर ठेवतो, फक्त एकाच. तिथे काहीही बदललं, कोणी काही तोडलं, लावलं, की त्याच्या पाठीतून क्षणभर वीज सुटते. क्षणभराचा उजेड मी नसताना वाया जाईल. म्हणून पुढे एक कळ जोडली आहे. ती वीज धरून ठेवते. एकदा दिवा लागला की मी येऊन विझवेपर्यंत लागलेलाच राहतो. संक्रांतीनंतर हे सगळं बसवलं.

यमुना : आन् ह्येचं तोंड शेताकडं कशाला? माणूस घरात येणार तर दार उघडणार. दाराकडं करायचं.

नागेश : आमच्यात गावाला जाऊन आलेला माणूस आधी दारात येत नाही, वहिनी. तुम्हाला माहीत आहे. आधी बांधावर जायचं, टोकाचं एक रोप उपटायचं, ते हातात घेऊन मग उंबऱ्यावर यायचं. बाबा तसंच करत. अण्णाही. या खेळातही तो तेच करी. टोकाचं कणीस काढायचा, तिथेच पुन्हा बी पेरायचा, मग दार उघडायचा. म्हणून पहारेकऱ्याचं तोंड त्या टोकाच्या रोपाकडे केलं. अनोळखी माणूस चुकून आत शिरला तर तो दार उघडेल. ते रोप फक्त अण्णा उपटेल.

यमुना : आन् उळवीच्या जत्रंच्या आदल्या दिशी दिवा लागला.

नागेश : हो.

यमुना : त्या दिशी बी कान्हू आलता. माझी पिशवी भरल्याली, पडवीत ठेवल्याली. तवा नंदगडचा मास्तर सांगून आल्याला, चांगला माणूस, मलाबी त्यो वंगाळ वाटला न्हवता. तुमी ह्या चढावरनं पळत आलासा. चपला हातात. जन्मात कधी चारचौघांत तोंड उघडलं न्हाई तुमी, आन् अंगणात सगळ्यांम्होरं म्हणलासा, दिवा लागलाय, अण्णा येऊन गेला. आव्वांनी लगोलग आंबोळ्यांचं पीठ भिजवलं. मी पिशवी रिकामी केली. मास्तरचं लगीन चैत्रात झालं.

नागेश : मला माहीत आहे.

यमुना : मग त्येच्यामागनं ह्या नऊ महिन्यांत एकदाबी का लागला न्हाई?

नागेश : जोडणीत दोष असावा. मी चार वेळा उकलून पुन्हा बांधली. एकदा तारेचा रस्ता बदलला, एकदा कळच नवी केली. दुरून वीज आणताना ती मधेच क्षीण होते, तिला पुढे ढकलणारा ठोकळा लागतो, तोही घातला. तरी काहीतरी राहतंय. अण्णा येत असेल आणि ठोकळ्याला ते कळत नसेल, असं होऊ शकतं.

यमुना : मग आता करून बघा. उपटा ते रोप.

नागेश : आत्ता?

यमुना : आत्ता. माझ्या डोळ्यांम्होरं.

नागेश : ...उपटलं.

यमुना : लागला.

नागेश : हो.

यमुना : लख्ख लागला की. दोष कुठाय, भावजी?

नागेश : आज लागला. रोज लागेलच असं नाही.

यमुना : ते जाऊ द्या. आत्ता उपटलंसा ते रोप पिवळं हुतं. पिकल्यालं. ते जत्रंच्या वेळेला कसं हुतं?

नागेश : कसं म्हणजे?

यमुना : मी शेतात राबणारी बाई हाय. तुमच्या वीज-बिजेतलं मला कळत न्हाई, पिकातलं कळतंय. दार आपसूक उघडत न्हाई. पीक आपसूक वाढतंय. ठोकळ्याला बदललेलं कळतंय म्हणलासा. हिरवं हुतं ते पिवळं झालं, तर ते बदलणंच की.

नागेश : ...थोडं हिरवट होतं. अण्णानं शेवटच्या रविवारी तिथे बी पेरलं होतं. ते पिकायला आलं होतं.

यमुना : जत्रंला पिकलं. दिवा लागला. पिकल्यावर आणखी म्होरं काय वाढायचं? म्हणून नऊ महिने गप.

नागेश : तसं नाही, वहिनी. या जगात एक नियम आहे. जवळपास कोणी नसेल तर इथलं काहीच हलत नाही. पीक वाढत नाही, पाणी वाहत नाही. सगळं जिथल्या तिथे थांबतं. माणूस आला की पुन्हा चालू होतं. म्हणजे ते रोप पिकलं असलं, तरी त्या वेळी शेताजवळ कोणीतरी होतं. हे नक्की.

यमुना : हे नक्की?

नागेश : अगदी नक्की.

यमुना : मग तुमचा अण्णा आला आसंल. हात न लावता नुसता उभा राहिला आसंल. व्हय?

नागेश : असू शकेल.

(खालून जीपचा भोंगा दोनदा वाजतो.)

यमुना : वाजवू दे. ऐका. तुमी नुसतं व्हय म्हणा, मी खाली जाऊन कान्हूला लावून देते. आणखी एक वर्स थांबते. दोन वर्सं थांबते. मला रडू येत न्हाई आता, थांबायची सवं झालीया. तुमी घरात एकटं पडशीला हे बी मला कळतंय. आव्वांसंगं बोलायला बी तुमाला मी लागते मधी. त्येच्यासाठी थांब म्हणलासा तरी मी इचार करीन. पण त्येच्यासाठी थांबायचं आसंल तर तसं सांगा. दिव्यावर घालू नका.

नागेश : मी असं कधीच म्हटलं नाही.

यमुना : तुमी न्हाई म्हणलासा. मी म्हणाले. आता एकच सांगा. त्या दिशी तुमी आत गेलासा, तवा दिवा आधीच लागल्याला हुता, का तुमच्या म्होरं लागला?

नागेश : इतक्या महिन्यांनंतर...

यमुना : भावजी.

नागेश : कान्हूदादा आलेत हे मला घरी कळलं होतं. मी न जेवता वर आलो. त्या दिवशी पाच मिनिटांवर थांबलो नाही. दुपारभर आतच होतो, बांधावर, शेताकडे पाठ करून. तिथून घर दिसतं ते बघत होतो. आणि दारावर उजेड पडला. मला खरंच वाटलं, वहिनी, अण्णा मागे आला. मी वळलो. मागे कोणी नव्हतं. टोकाचं कणीस तेवढं पिवळं झालं होतं. मग मी मोबाईल खिशात घातला आणि पळत सुटलो. पळताना वाटेत कुठेतरी ते मला खरं वाटायला लागलं.

यमुना : कोण हुतं त्या शेतापाशी? तुमच्या तोंडानं सांगा. मला ते ऐकून खाली जायचंय.

नागेश : मी. त्या वेळी तिथे मी एकटाच होतो.